विश्लेषण : नवा गेम, जुना कन्सोल... रेसिंग गेमचा पुढचा भाग मागच्या पिढीच्या यंत्रावर का येतो?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये ‘फोर्झा होरायझन ६’ची घोषणा केली, तेव्हा तो कोणकोणत्या यंत्रांवर चालेल याच्या यादीत २०१३ चा एक्सबॉक्स वन नव्हता. आधीचा पाचवा भाग २०२१ मध्ये त्या यंत्रावर आला होता. सोनीची वाट वेगळी आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’ म्हणजेच ‘जीटी ७’ हा गेम २०२२ मध्ये आला तो जुन्या प्लेस्टेशन ४ (पीएस ४) वरही, आणि नंतरची कित्येक वर्षे त्या यंत्रावर नव्या गाड्या येत राहिल्या. जुन्या यंत्राला सोबत घ्यायचे की नाही, हा वाद सोनीला नवा नाही. एकदा त्यात तिचे हातही पोळले आहेत.

२०१३ मध्ये काय घडले?

१५ मे २०१३ रोजी ब्रिटनमधील सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर ‘ग्रॅन टुरिस्मो’ मालिकेच्या १५ वर्षांचा सोहळा झाला. तिथे मालिकेचे जनक काझुनोरी यामाउची यांनी सहाव्या भागाची घोषणा केली. तोपर्यंत पीएस ४ जाहीर होऊन तीन महिने होत आले होते, त्यामुळे नवा भाग नव्या यंत्रावर येणार असे अनेकांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात यामाउची यांनी पीएस ३ चे नाव घेतले. नोव्हेंबरमध्ये अमेरिका आणि युरोपात पीएस ४ ची विक्री सुरू झाली आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘जीटी ६’ सात वर्षे जुन्या पीएस ३ साठी दुकानांत आला. नवे यंत्र घरी आणलेल्या चाहत्याला मालिकेचा नवा गेम खेळण्यासाठी जुने यंत्र पुन्हा टीव्हीला जोडावे लागले, कारण पीएस ३ च्या डिस्क पीएस ४ वर चालत नाहीत.

सोनीचे गणित काय होते?

कागदावर ते चोख होते. नोव्हेंबर २०१३ पर्यंत जगभरात आठ कोटी पीएस ३ विकले गेले होते, तर १ डिसेंबरपर्यंत विकल्या गेलेल्या पीएस ४ ची संख्या होती २१ लाख. म्हणजे एका नव्या यंत्रामागे साधारण ३८ जुनी यंत्रे. ज्याला डिस्क विकायची आहे, त्याने कोणत्या दाराशी उभे राहावे हे यातून उघड होते.

दुसरे कारण पॉलिफनी डिजिटल या स्टुडिओच्या आतले होते. पीएस ३ मधला ‘सेल’ हा प्रोसेसर सोनीने आयबीएम आणि तोशिबा यांच्यासह बनवला होता. तो ताकदवान खरा, पण त्याच्याकडून काम करून घेणे महाकठीण. पाचवा भाग त्यामुळे वारंवार लांबला आणि अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये आला. इतक्या कष्टाने जे तंत्र हाती लागले, ते एकाच गेमनंतर टाकून द्यायचे? शिवाय पहिल्या दोन्ही यंत्रांवर मालिकेचे दोन-दोन क्रमांकित भाग काढण्याचा प्रघात होताच.

तिसरे कारण सहसा चर्चेत येत नाही. रेसिंग गेममधली प्रत्येक गाडी कलाकारांना हाताने घडवावी लागते. दिव्यांच्या काचा, आसनांची शिवण, स्पीडोमीटरचे आकडे असे सगळेच. एका गाडीवर कित्येक महिने जातात. यंत्र बदलले की बारकावे वाढवावे लागतात आणि आधीचे बरेचसे काम पुन्हा करावे लागते. याचा पुरावा त्याच महिन्यात समोर होता. ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ५’ नव्याकोऱ्या एक्सबॉक्स वनसोबत आला तो सुमारे २०० गाड्या आणि १४ ट्रॅक घेऊन. आधीच्या भागात गाड्या ५०० च्या घरात होत्या. जर्मनीतला प्रसिद्ध न्युर्बुर्गरिंग ट्रॅकही सुरुवातीला नव्हता. ‘जीटी ६’मध्ये मात्र १,२०० गाड्या होत्या. अर्थात त्यातल्या शेकडो गाड्या थेट पीएस २ च्या काळातून उचललेल्या होत्या आणि जवळून पाहिल्यास ते लपत नव्हते.

मग गणित कुठे चुकले?

‘जीटी ५’च्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या होत्या. ‘जीटी ६’ला त्याच्या निम्मीही मजल गाठता आली नाही. आठ कोटी यंत्रे विकली गेली होती हे खरे, पण गेमवर सर्वाधिक पैसे खर्च करणारा उत्साही ग्राहक तोपर्यंत नव्या यंत्राकडे वळू लागला होता. घराघरांतल्या यंत्रांची बेरीज म्हणजे ग्राहकांची बेरीज नव्हे, हे सोनीच्या हिशेबातून सुटले असावे.

खेळाडूचे नुकसान याहून मोठे होते. गोष्ट सांगणारा गेम एकदा संपला की संपला. रेसिंग गेममध्ये माणूस वर्षानुवर्षे एकेक गाडी जिंकून गॅरेज भरत असतो. ‘जीटी ६’मध्ये तर खऱ्या पैशांनी गेममधले चलन विकत घेण्याची सोयही मालिकेत प्रथमच आली होती. या गॅरेजला पुढे जायला वाटच नव्हती. पीएस ४ साठीचा पहिला ‘ग्रॅन टुरिस्मो’ थेट ऑक्टोबर २०१७ मध्ये आला आणि त्यात जुनी गॅरेज नेता आली नाहीत. मार्च २०१८ मध्ये ‘जीटी ६’ची ऑनलाइन सेवा बंद झाली. एकट्याने खेळायचा भाग उरला, बाकी बाजार उठला.

स्टिअरिंग व्हीलचीही तीच गत. लॉजिटेकचे ‘जी २७’ हे महागडे व्हील ‘जीटी ६’ला चालत होते, पीएस ४ ला चालत नव्हते. गेमपेक्षा कितीतरी अधिक किंमत मोजून घेतलेली वस्तू पिढी बदलताच निरुपयोगी झाली.

‘जीटी ७’च्या वेळी काय बदलले?

सोनीचे तेव्हाचे गेमिंगप्रमुख जिम रायन यांनी २०२० मध्ये, आपण कन्सोलच्या ‘पिढ्या’ मानतो, अशी भूमिका मांडली होती. ‘जीटी ७’ही पीएस ५ च्या पहिल्याच मोठ्या सादरीकरणात झळकला. वर्षभरानंतर, जून २०२१ मध्ये, तो पीएस ४ वरही येणार असल्याचे कंपनीने सांगितले. चिप टंचाईमुळे पीएस ५ मिळणे तेव्हा दुरापास्त होते. मार्च २०२२ अखेर पीएस ४ ची विक्री ११ कोटी ७० लाखांच्या आसपास, तर पीएस ५ ची दोन कोटींच्या आत होती.

गणित जुनेच होते, पण या वेळी दोन यंत्रांमध्ये पूल होता. दोन्हींचे प्रोसेसर एकाच घराण्यातले आणि पीएस ४ चे बहुतेक सर्व गेम पीएस ५ वर चालतात. ‘जीटी ७’मध्ये दोन्हीकडचे खेळाडू एकाच शर्यतीत उतरतात. पीएस ४ ची प्रत घेतलेल्याला १० डॉलर भरून पीएस ५ ची आवृत्ती मिळते आणि गॅरेजही सोबत येते. जुन्या यंत्रावर गेम सुरू व्हायला वेळ लागतो, रिप्लेमधले चकचकीत प्रतिबिंब दिसत नाही. पण हातचे काही जात नाही.

नव्या यंत्राच्या मालकाची तक्रार मग चुकीची?

पूर्णपणे नाही. ट्रॅकची रचना, एका वेळी धावणाऱ्या गाड्या, हवामानाचा खेळ हे सगळे कमकुवत यंत्राला झेपेल इतकेच ठेवावे लागते. २०१४ मध्ये ‘फोर्झा होरायझन २’ने यावर वेगळाच तोडगा काढला. एक्सबॉक्स ३६० साठी दुसऱ्या स्टुडिओने पहिल्या भागाच्या तंत्रावर स्वतंत्र आवृत्ती बांधली. नाव एकच, पण बदलते हवामान फक्त नव्या यंत्रावर. नव्या यंत्राचा मालक यात खूश. जुन्याच्या मालकाला मात्र त्याच नावाखाली दुसराच गेम मिळाला.

भारतात हा मुद्दा अधिक टोचणारा आहे. पीएस ५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तो ४९,९९० रुपयांना, तोही सहजी मिळत नव्हता. त्याआधी पीएस २ इथे दीर्घकाळ टिकला. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा भारतात घडलेला गेम २००९ मध्ये पीएस २ साठीच आला होता, पीएस ३ बाजारात येऊन दोन वर्षे उलटल्यावर.

आता पुढे काय?

मायक्रोसॉफ्टचा पर्याय क्लाउडचा आहे. २०२३ चा ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ एक्सबॉक्स वनवर थेट चालत नाही, पण इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर चालणारा गेम त्या यंत्रावर खेळता येतो. शर्यतीत ब्रेक दाबल्यापासून गाडी मंदावेपर्यंतचा क्षणार्धाचा उशीरही वळण चुकवतो. त्यामुळे हा मार्ग वेगवान आणि स्थिर जोडणी असलेल्यांपुरताच. शिवाय त्यासाठी सदस्यत्वाचे पैसे भरावे लागतात. एक्सबॉक्स वनच्या मालकाला ‘होरायझन ६’ खेळायचा असेल, तर नवे यंत्र किंवा तगडा संगणक घ्यावा लागेल, नाहीतर याच जोडणीवर भिस्त ठेवावी लागेल.