तयारीतच अर्धे कार्य



गुलमर्ग किंवा मनाली येथे सहकुटुंब जाऊन आलेल्या आपल्यापैकी अनेकांनी पायांत स्की बांधून बर्फावर घसरण्याची मौज अनुभवली असेल. भाड्याची ती लांब, चपटी पट्टी परत करताना ती कशाची बनली आहे, हा विचार मात्र क्वचितच मनात येतो. युरोप-अमेरिकेत काही हौशी मंडळी आपल्या घरीच स्की तयार करतात. त्यांच्या कामाचा मोठा भाग चिकटवण्यापूर्वीच, म्हणजे साहित्याच्या पूर्वतयारीत, खर्ची पडतो.

वरकरणी एकसंध दिसणारी स्की वस्तुतः थरांची असते. मध्ये लाकडाचा गाभा, त्याच्या वर-खाली फायबरग्लासचे कापड, तळाशी घसरण्यासाठी पॉलिथिलिनचा गुळगुळीत पट्टा, कडांना पोलादी पट्ट्या आणि या सर्वांना एकत्र धरणारा इपॉक्सी. गाभ्यासाठी अ‍ॅश, मेपल वा पॉपलरचे लाकूड घेतात; ते बिनगाठीचे, सरळ रेषांचे आणि पुरते वाळलेले हवे. सबंध फळीऐवजी अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवतात, म्हणजे एखादी वाकू लागली तर शेजारची तिला आवरते. मग गाभा असा तासतात, की पायाखाली तो दहा-बारा मिलिमीटर जाड राहावा आणि टोकांशी जेमतेम दोन मिलिमीटर उरावा. पातळ टोक लवते, जाड मध्य भार पेलतो.

पोलादी पट्टीवर तेलाचा अंश राहिला, तर इपॉक्सी ती धरत नाही. पॉलिथिलिनला तर सहसा काहीच चिकटत नाही. म्हणून त्याची आतली बाजू घासून, ज्योतीची हलकी धग देऊन तयार करावी लागते. इपॉक्सीचे दोन घटक तोलून, ठरलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात. एकदा मिसळले, की हाती मोजकाच वेळ उरतो. म्हणून जाणते लोक सर्व थर आधी कोरडेच रचून पाहतात. या कामी ‘पी हळद अन् हो गोरी’ ही वृत्ती चालत नाही. वेगाने उतरत असता थर सुटला, तर त्या पट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हाडांशी गाठ असते.

हॉवर्ड हेड या अमेरिकन अभियंत्याची कथा या संदर्भात स्मरणीय आहे. तो बाल्टिमोर येथील विमानाच्या कारखान्यात नोकरीस होता. त्या काळच्या लाकडी स्की त्याला जड व बेढब वाटल्या. विमानबांधणीतील थर चिकटवण्याचे तंत्र वापरून १९४७ साली त्याने अ‍ॅल्युमिनियमच्या सहा जोड्या तयार केल्या. चाचणीत सहाही मोडल्या. तरीही १९४८ च्या आरंभी त्याने नोकरी सोडली. गाठीशी अवघे सहा हजार डॉलर होते.

पुढील दोन-तीन हिवाळे जोड्या बनत राहिल्या आणि मोडत राहिल्या. प्रत्येक मोडलेली जोडी परत आली, की तो तिचे तुकडे तपासून कोणता थर कोठे हरला, हे शोधत असे. आतले पोकळ जाळीचे भरण काढून त्याने प्लायवूड घातले, कडांना पोलाद लावले, आणि धातूला ओला बर्फ चिकटू लागल्यावर तळाशी प्लास्टिक बसवले. १९५० मध्ये टिकणारी स्की सिद्ध झाली. पुढे ती अमेरिकेत सर्वाधिक खपणाऱ्या स्कींमध्ये गणली गेली, आणि १९६९ साली त्याने आपली कंपनी विकली.

पेढीवर बसणाऱ्यास यातील मर्म सांगावे लागत नाही. दर्शनी भाग पाहून गिऱ्हाईक एकदा येते; परत येते ते आतल्या, न दिसणाऱ्या मालाच्या भरवशावर. आणि मोडलेला माल अडगळीत टाकण्यापूर्वी तो एकदा उलगडून पाहणे, हाही हिशेबाचाच भाग आहे.