तुमच्या हातात काय आहे?



गेले वर्षभर या सदरातून आम्ही तुम्हाला हस्तकला शिकवीत होतो. साटिनच्या रिबिनीची फुले, बाटलीवरचे रंगकाम, लोकरीचे तोरण, असे बरेच काही झाले. कचेरीतून आल्यावर रात्री बसून नमुने काढायचे, मापे लिहायची. पण एखादी वस्तू कोणी करून पाहिली, असे कळविणारे पत्र काही येत नव्हते. वाचकांना आवड नाही, अशी आम्ही आमची समजूत करून घेतली होती.

ती समजूत एका आजींनी मोडली. विहारातील कार्यक्रम संपल्यावर त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, तुमचं लिहिलेलं नात वाचून दाखवते. पण ती रिबीन आणायला तालुक्याला जावं लागतं. जाण्या-येण्याचं भाडंच रिबिनीपेक्षा जास्त. घरात जुनी लुगडी पडलीत, त्याचं काही लिहा की!"

आम्ही खजील झालो. हिशेबाच्या वह्या लिहिण्यात आमची निम्मी नोकरी गेली. पण आपला वाचक कोण, त्याच्या घरात काय आहे, त्याला वेळ किती मिळतो, याची एक ओळ आम्ही कधी लिहिली नव्हती. आम्हाला आवडते ते तुम्हाला आवडेल, असे धरून चाललो होतो.

मग एक वही घातली. ज्या-ज्या वस्तीत जाणे झाले तिथे तीन प्रश्न विचारले. हाताने काय करता? कोणाकडून शिकलात? त्याचे पैसे मिळतात का? चाळीसेक जणांची उत्तरे जमली. पहिल्या प्रश्नाला बहुतेक भगिनींचे उत्तर एकच होते, "मला काही येत नाही." थोडा वेळ बसले की मग हळूच कळे, गोधडी शिवते, शिंदीची केरसुणी बांधते, क्रोशाचे रुमाल विणते. एका तरुणाने तर आईच्या मागे बसून शिकलेला गोधडीचा टाका दाखवला. मित्र हसतील म्हणून तो कोणाला सांगत नव्हता. जे आईकडून, सासूकडून आले, शाळेत शिकवले गेले नाही, ते 'येणे' नव्हेच, असे आपण धरून बसलो आहोत.

सर्वांत जास्त प्रश्न आले ते गोधडीचे. पूर्वी नऊवारी सुती लुगडे धुऊन-धुऊन मऊ झाले की थरावर थर घालून त्याची गोधडी होई. आता घरोघरी पॉलिस्टरच्या साड्या. त्यांची गोधडी करावी का? करावी, पण अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवावी, कारण पॉलिस्टर घाम शोषत नाही. शिवाय ते कापड निसटते. म्हणून आधी चारी कडा आणि मधला भाग मोठ्या कच्च्या टाक्यांनी नीट टाचून घ्यावा, मग धावदोरा घालावा. धावदोऱ्याच्या ओळी फार लांब-लांब घेऊ नयेत. धुतल्यावर आतल्या चिंध्या गोळा होतात. नवे सुती कापड वापरायचे तर आधी धुऊन घ्यावे, नाहीतर ते मागाहून आटते आणि गोधडीला चुण्या पडतात.

तिसऱ्या प्रश्नाने मात्र आमची झोप उडवली. एक भगिनी शेजारच्यांच्या गोधड्या शिवून देतात. कापड गिऱ्हाइकाचे, सुईदोरा यांचा. त्यांच्याबरोबर बसून आम्ही हिशेब मांडला. मिळाले 400 रुपये. दोऱ्याला गेले 80. उरले 320. काम 9 दिवस, रोज 4 तास, म्हणजे 36 तास. तासाला 9 रुपयेसुद्धा पडले नाहीत! त्या म्हणाल्या, "घरात बसूनच तर करते, त्याची कसली मजुरी?" भगिनींनो, सावलीत बसून केले म्हणून काम हलके होत नाही. पाठ तीच दुखते, डोळे तेच शिणतात.

पुढच्या गोधडीला त्यांनी धीर करून 900 रुपये सांगितले. पहिले गिऱ्हाईक उठून गेले. त्या दिवशी त्यांना रडू आले, आणि सल्ला देणारे आम्हीही मनातून चरकलो. आठ दिवसांनी दुसरे गिऱ्हाईक आले, घासाघीस करून 800 वर कबूल झाले. मोठी रक्कम नव्हे, पण हिशेब मांडून सांगितलेला हा त्यांचा पहिला दर.

म्हणून या सदराची रीत आम्ही बदलत आहोत. यापुढे महिन्यातून एकदा तुमच्यापैकी कोणीतरी शिकवील, आम्ही फक्त लिहून घेऊ. बाजारातून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंची किंमत सुरुवातीलाच देऊ. आणि प्रत्येक वस्तूखाली तीन आकडे असतील : साहित्याचा खर्च, लागलेले तास आणि मागावयाचा दर.

तुम्ही एवढेच करा. आमच्या तीन प्रश्नांची उत्तरे एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर मुलाला, नातीला सांगा. फक्त "मला काही येत नाही" एवढे वाक्य त्यात नको. आधी आपल्या हातांकडे पाहा, मग लिहा.