मोठ्यांचा डांग्या खोकला

डांग्या खोकला लहान मुलांचा, ही समजूत इतकी पक्की आहे की मोठ्या माणसाला तो झाला तरी ओळखू येत नाही. लस घेतलेली असो वा लहानपणी आजार होऊन गेलेला असो, प्रतिकारशक्ती काही वर्षांनी ओसरते आणि चाळिशी-पन्नाशीतही हा रोग गाठतो.

तो होतो बोर्डेटेला पर्टुसिस या जिवाणूमुळे. पहिले एक-दोन आठवडे साध्या सर्दीचे वाटतात, आणि संसर्ग सर्वांत जास्त पसरतो तो याच दिवसांत. मग ढास लागते. दिवसा ठीक दिसणारा माणूस रात्री उठून बसतो, ठसक्यावर ठसका, मध्ये श्वास घ्यायला उसंत नाही, चेहरा लालबुंद, शेवटी उलटी. श्वास ओढतानाचा तो विशिष्ट आवाज मोठ्यांमध्ये बहुधा येत नाही, म्हणून संशय ॲलर्जीवर किंवा दम्यावर जातो. खोकून खोकून बरगडीला तडा जातो, भोवळ येते, लघवीवर ताबा राहत नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात आपल्याकडे क्षयासाठी थुंकी तपासतात, ते योग्यच. पण ती तपासणी निर्दोष आली की चौकशी तिथेच थांबते, हे चुकते. नाकाच्या मागच्या भागातला स्राव घेऊन केलेली पीसीआर चाचणी पहिल्या तीन-चार आठवड्यांतच भरवशाची असते.

ॲझिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक लवकर दिले तर आजार सौम्य होतो. ढास जोरात आल्यावर दिले, तर संसर्ग पसरणे थांबते, खोकला मात्र थांबत नाही. जिवाणूच्या विषाने श्वासनलिकेच्या अस्तरावरची, कफ वर ढकलणारी सूक्ष्म लव मरते आणि ती पुन्हा उगवायला आठवडे लागतात. चिनी भाषेत या आजाराचे नावच ‘शंभर दिवसांचा खोकला’ आहे. बरे झाल्यावरही साध्या सर्दीने उबळ परत येते. त्या वेळी औषध बदलत बसण्यापेक्षा थोडे थोडे खाणे, पुरेसे पाणी, धूर टाळणे आणि विश्रांती यांचाच उपयोग होतो.

मोठा माणूस यातून उठतो. जिवावर बेतते ते पहिली लसही न मिळालेल्या तान्ह्या बाळाच्या. भारतात ती लस सहाव्या आठवड्यात सुरू होते, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी सरकारी कार्यक्रमातून मिळणाऱ्या टीडी लशीत डांग्या खोकल्याचा अंशच नसतो. ही उणीव भरून निघायलाच हवी. तोवर गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत डॉक्टरांच्या सल्ल्याने डांग्या खोकल्याचा अंश असलेली टीडॅप लस घेतली, तर आईची प्रतिपिंडे बाळाला जन्माआधीच मिळतात. आजार निश्चित झाला, तर घरातल्या इतरांनाही प्रतिबंधक प्रतिजैविक दिले जाते, आणि औषधाचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत रुग्णाने बाळाला मांडीवर घ्यायचे नसते, मग ती आजी का असेना.