नाव जंगलाचे, पाटी बाजारपेठेत

भोसल्यांच्या काळापासून आपली कुटुंबे छत्तीसगडात नांदत आहेत. आपल्यातले कितीतरी जण बँकेत हयात घालवून निवृत्त झाले. तेव्हा बस्तरमधल्या बँकांचा प्रश्न आपला नव्हे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

रिझर्व्ह बँकेने १८ मे २०१७ च्या परिपत्रकात नियम घातला : वर्षभरात जितकी बँकिंग केंद्रे उघडाल, त्यांपैकी किमान २५ टक्के बँक नसलेल्या, दहा हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावांत उघडा. नियम चांगला. पण त्यालाच पळवाट जोडली. केंद्र सरकारने जाहीर केलेल्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात पन्नास हजारांच्या आतल्या कोणत्याही गावात केंद्र उघडले, तरी ते बँक नसलेल्या खेड्यातलेच धरायचे! म्हणजे जिथे आधीच बँका आहेत अशा तालुक्याच्या बाजारपेठेत पाटी लावा आणि कोटा पुरा करा. शिवाय बँकेचा कर्मचारीही नको. बँकमित्र दिवसाला चार तास, आठवड्यातून पाच दिवस बसला की झाले केंद्र!

सरकार आकडे सांगते : सर्वाधिक बाधित ३० जिल्ह्यांत १,००७ शाखा आणि ९३७ एटीएम. आम्ही ते नाकारत नाही. आमचा सवाल एवढाच, की यातल्या आतल्या खेड्यांत किती? मजुरी खात्यात जमा होते, पण ती हातात घ्यायला मजुराचा दिवस मोडतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार तर बँकमित्राला नाहीच. मग सावकाराचे दार आहेच.

सुरक्षेचे कारण पुढे केले जाईल. पण यादीत २०१८ मध्ये ९० जिल्हे होते, ऑक्टोबर २०२५ मध्ये ११ उरले. धोका ओसरल्याचे सरकारच सांगते, मग शाखेला अडचण कसली? उलट भीती वेगळीच आहे. जिल्हा यादीतून गेला की सवलत जाणार, आणि आतले खेडे होते तसेच राहणार.

आमची मागणी स्पष्ट आहे. सवलत जिल्ह्याच्या नावावर नको, बँक नसलेल्या गावाच्या नावावर द्या. अशा गावांची यादी राज्यस्तरीय बँकर्स समितीकडे असते. ती गावागावांत लावा. बँकमित्र आणि शाखा वेगवेगळे मोजा.

बँकेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी या मागणीचे निवेदन लिहायला पुढे यावे. खातेवही वाचायची कशी, हे त्यांना कुणी शिकवायला नको.