तुरुंगातून सुधारून आलेल्याला आपल्या विहारात जागा आहे का?



मागच्या वर्षी वर्षावासाच्या दिवसांत आमच्या वस्तीतला एक तरुण तुरुंगातून सुटून आला. मारामारीच्या गुन्ह्यात चार वर्षे आत होता. आत जाण्यापूर्वी तो रोज प्यायचा, घरी आईवर हात टाकायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत होते. आत त्याने दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले, सुतारकाम शिकला, मुक्त विद्यापीठाची परीक्षा दिली. आला तेव्हा दारू पूर्ण सुटलेली होती.

पहिल्याच रविवारी पांढरा सदरा घालून तो वंदनेला आला आणि मागच्या ओळीत बसला. दोघी आयांनी आपली मुले उठवून पुढे नेऊन बसवली. ग्रंथवाचनाला कोण बसणार असे विचारल्यावर त्याने हात वर केला. आम्ही पुस्तक दुसऱ्याच्या हातात दिले. तिसऱ्या रविवारी तो आला नाही. नाक्यावरच्या जुन्या सोबत्यांनी मात्र त्याला पहिल्याच दिवशी “ये, बस” म्हटले होते. आज तो पुन्हा पितो.

वस्तीत लोक म्हणाले, “सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.” आमचे म्हणणे वेगळे आहे. त्याच्यातला बदल खरा होता. तो टिकवायची पाळी आपली होती आणि आपण कमी पडलो.

माणसाचा पीळ जात नाही, हे वाक्य आपल्या तोंडी तरी शोभत नाही. जन्माने जो जसा तो तसाच राहणार, असे सांगूनच आपल्या आजा-पणज्यांना गावाबाहेर ठेवले गेले. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या आणि गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेला वेगळी जागा दिली, त्यात अंगुलिमालाची कथा आहे. माणूस बदलू शकतो, हा आपल्या धम्माचा पाया आहे. तो नाकारला तर १९५६ च्या दीक्षेलाही अर्थ उरत नाही.

तुरुंगात माणूस बदलतो याचे दाखले आपल्या देशात आहेत. १९७५ मध्ये जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात सत्यनारायण गोयंका गुरुजींनी कैद्यांसाठी विपश्यना शिबिर घेतले. १९९३ मध्ये किरण बेदी दिल्लीच्या तिहार तुरुंगाच्या प्रमुख असताना तिथे शिबिरे सुरू झाली. १९९४ च्या एप्रिलमध्ये हजाराहून अधिक कैदी एकाच वेळी शिबिराला बसले. पुढे महाराष्ट्रातल्या तुरुंगांतही शिबिरे झाली. राग उठतो तेव्हा आधी श्वास बदलतो, अंग तापते. ते ओळखायला शिकले की हात उचलण्याआधी माणसाला थांबायला क्षणभर मिळतो. ज्याच्या आयुष्याचा घात रागाच्या एका झटक्याने केला, त्याला तो क्षण फार मोलाचा असतो.

विपश्यनेविषयी आपल्या चळवळीत मतभेद आहेत. डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटत नाही, असे कार्यकर्ते म्हणतात, आणि ते खरे आहे. म्हणून शिबिराचे कौतुक करताना आम्हाला तीन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत.

पहिली, जात तुरुंगातही आहे. स्वयंपाक कोणी करायचा आणि संडास कोणी साफ करायचे, हे अनेक राज्यांच्या कारागृह नियमांत जातीवरून ठरत होते. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी असे नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. ज्याच्या हातात जात बघून झाडू दिला जातो, त्याचे कसले पुनर्वसन? आपला माणूस आत असेल तर भेटीच्या वेळी विचारा, तुला काम कोणते दिले आहे? हुनर शिकवतात का?

दुसरी, सुधारणेचे बरेच कार्यक्रम शिक्षा लागलेल्यांना धरून आखलेले असतात. देशातल्या तुरुंगांत मात्र दर चार कैद्यांत सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. दर पाच कैद्यांत साधारण एक अनुसूचित जातीचा आहे. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून पोरे आत राहतात. अशा पोराला ध्यानाआधी वकील हवा. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

तिसरी, ध्यान हे औषध नव्हे. ज्याला कानात आवाज येतात, जो जीव द्यायच्या गोष्टी करतो किंवा ज्याच्या मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या मौनाला बसवू नये. त्याच्या गोळ्याही मनाने बंद करू नयेत.

आता आरोग्याच्या पानावर जे सांगायलाच हवे ते सांगतो.

अटक झाली की पहिले दिवस धोक्याचे असतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की एक-दोन दिवसांत हात थरथरतात, घाम सुटतो, आकडी येऊ शकते. नंतर भ्रम होतो, माणूस काहीबाही बघायला-बोलायला लागतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून लाज न बाळगता पोलिसांना, न्यायाधीशांना आणि कारागृहाच्या डॉक्टरांना लेखी कळवा की हा रोज पितो, याला फिट येते, याला साखरेचे औषध चालू आहे. दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स जोडा.

आत गर्दी असते, हवा कमी असते, त्यामुळे टीबी पसरतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, रोजचा बारीक ताप, वजन उतरणे असे काही असेल तर बेडक्याची तपासणी मागायला सांगा. औषध चालू असताना सुटका झाली, तर उपचाराचे कार्ड आणि गोळ्या मागून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव लावा. टीबीचे औषध तिथे मोफत मिळते. मध्येच सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सुटून आल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत नाजूक. गर्द किंवा नशेची इंजेक्शने घेणाऱ्याचे शरीर आत राहून ती सवय विसरलेले असते. बाहेर येऊन त्याने पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून मृत्यू येऊ शकतो. या दिवसांत त्याला एकटा सोडू नका. झोप लागत नसेल, माणसांत बसवत नसेल, दार वाजले की दचकत असेल, तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येते.

आणि शेवटचे औषध आपल्या हातात आहे. पाली सुत्तात अंगुलिमालाची कथा त्याच्या प्रव्रज्येवर संपत नाही. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेला गेला तेव्हा त्याच्यावर ढेकळे, काठ्या, खापऱ्या येऊन पडल्या. डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. तशा रक्तबंबाळ अवस्थेत तो तथागतांकडे परतला. त्याला परत येण्यासाठी एक जागा होती, म्हणून तो पुन्हा जंगलात गेला नाही. पसेनदी राजा त्याला पकडायला घोडेस्वार घेऊन निघाला होता, पण बदललेला माणूस समोर पाहिल्यावर त्यानेही हात जोडले.

ज्यांचे नुकसान झाले त्यांचे दुःख आम्ही विसरायला सांगत नाही. ज्या आईने मार खाल्ला, तिला भीती वाटणे चूक नाही. तिच्यावर लगेच विश्वास ठेवायची सक्ती कोणी करू नये. पण विहार सावध राहूनही दार उघडे ठेवू शकतो. सुटून आलेल्याला दोन जाणत्या उपासकांनी सोबत द्यावी, आठवड्यातून एकदा घरी जाऊन बसावे. सुतारकाम येणाऱ्याला विहाराच्या खिडक्यांचे काम द्यावे आणि त्याचे पैसेही द्यावेत. वंदनेला त्याला पुढच्या ओळीत बोलवावे.

आमच्या विहाराने हे उशिरा शिकले. या पौर्णिमेला आम्ही चौघे त्या तरुणाच्या घरी जाणार आहोत. तो प्यालेला असला तरी जाणार आहोत. वाचनाचे पुस्तक सोबत नेणार आहोत.