भेटीची वेळ

नवजात अतिदक्षता विभागाच्या दारावर बहुधा एक पाटी असते : ‘नातेवाइकांनी भेटीच्या वेळेतच आत यावे.’ वाक्य कार्यालयीन आहे आणि त्यामागचा हेतूही निर्दोष आहे. जंतुसंसर्गाचे भय खरे असते, परिचारिकांची संख्या अपुरी असते, हे आम्ही जाणतो. तरीही भाषा शिकविणे हाच व्यवसाय असलेल्या आमच्यासारख्यांना ‘नातेवाईक’ आणि ‘भेट’ या दोन शब्दांवर हरकत घ्यावीशी वाटते. भेटायला मामा येतो, शेजारीण येते. चार दिवसांच्या बाळाची आई त्याला ‘भेटायला’ येत नाही. ती तिथे असणे हीच स्वाभाविक अवस्था आहे आणि नसणे हा अपवाद. पाटीने मात्र अपवादाचाच नियम केला आहे.

रहाटणीत राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. पत्नी लातूरकडची. त्यांच्या मुलाची अन्ननलिका जन्मतःच जठराला जोडलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे तीन आठवडे बाळ काचेच्या पेटीत राहिले. पेटीवरच्या चिठ्ठीत ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव. (बापाच्या नावावाचून ज्या समाजात कागद पुढे सरकत नाही, तिथे मुलाची पहिली ओळख आईच्या नावाने लिहिली जाते. याची नोंद आमच्या समीक्षकांनी अद्याप घेतलेली दिसत नाही.) पाचवी पुजायची राहिली, बारसे राहिले. सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची ती रात्र दोघांनी मार्गिकेतल्या बाकावर काढली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या मुलीने विचारले, ‘सर, आत सोडलं तरी मी तिथं करू काय? सगळं तर मशीनच करतंय.’

तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आमचे मत आहे. परंतु ते द्यायला वैद्यकशास्त्रालाही फार वेळ लागला. १९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जेफ्री लॉसन नावाच्या, दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या हृदयाजवळील रक्तवाहिनीवर शस्त्रक्रिया झाली. ती करताना त्याला फक्त स्नायू निश्चल करणारे औषध दिले होते, वेदना शमविणारे काहीही दिले नव्हते. पाच आठवड्यांनी ते बाळ गेले. सत्य कळल्यावर त्याची आई जिल लॉसन गप्प बसली नाही. तिने लिहिले, जाब विचारला. इतक्या लहान बाळांना वेदना कळतच नाहीत, कळल्या तरी लक्षात राहत नाहीत आणि भूल देणेच अधिक धोक्याचे, अशी त्या काळी अनेक भूलतज्ज्ञांची समजूत होती. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेल्या कन्वलजीत सिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली ती खोटी ठरविली. वेदनाशामक मिळालेल्या अर्भकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने नवजात बाळांनाही भूल व वेदनाशमन मिळाले पाहिजे, अशी भूमिका जाहीर केली.

ज्याला भाषा नाही त्याला वेदना नाही, असे हे गृहीतक होते. साहित्याच्या वर्गात मूकांच्या वेदनेवर आपण पुष्कळ बोलतो. त्या चर्चेत पाळण्यातले मूक मूल क्वचितच येते.

आता आवाजाकडे वळू. इटलीतील आओस्ता येथील रुग्णालयात वीस अकालप्रसूत बाळांवर एक अभ्यास झाला आणि तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. रक्ततपासणीसाठी टाचेला सुई टोचताना आई शेजारी बसून बाळाशी बोलत असेल, तर वेदना मोजण्याच्या २१ गुणांच्या पट्टीवरील सरासरी ४.५ वरून ३ वर येते, असे त्यात आढळले. अभ्यास लहान आहे, त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही मशीन जे करू शकत नाही असे काहीतरी आईच्या बोलण्यात आहे, एवढे त्यातून दिसते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी कितीतरी मावळ-मुळशीच्या, म्हणजे रहाटणीपासून तासाभराच्या अंतरावरल्या. त्या ओव्यांत ‘तान्हं बाळ’ जागोजागी येते. या ओव्यांकडे आपण लोकसाहित्याच्या पेपरातील आठ गुणांचा प्रश्न म्हणून पाहतो. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्नीला मात्र एकही ओवी येत नव्हती, आणि त्याची तिला लाज वाटत होती. एका परिचारिकेने तिला सांगितले, ‘काहीही बोला. भाजी काय केली ते सांगा. हात नुसता डोक्यावर स्थिर ठेवा, थोपटू नका.’ ती तेच करू लागली. घरमालकाने पाण्याची वेळ बदलल्याचेही तिने त्याला सांगितले म्हणे.

आईबाप आत आले की संसर्ग वाढतो, हा आक्षेप गंभीर आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात डॉ. आरती मारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची परीक्षा घेतली. हात धुण्यापासून नळीने दूध देण्यापर्यंतचे शिक्षण देऊन आईवडिलांना शुश्रूषेत सामील केले, तर संसर्ग वाढला नाही आणि स्तनपानाचे प्रमाण सुधारले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ साली काढली. महाराष्ट्राला तर याहून जुना वारसा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ सालीच सुरू केली. आईचे दूध हे औषध आहे असे ज्यांनी मानले, त्यांना आईचे असणेही तसेच आहे हे मानायला फार अडचण पडू नये.

एका शब्दयोजनेविषयी येथेच बोलून घेतो. वर्तमानपत्रे अशा बाळाला ‘चिमुकला योद्धा’ म्हणतात. ते ‘मृत्यूशी झुंज’ देते. सुझन सोंटॅग यांनी रोगाच्या रूपकांवर १९७८ सालीच पुस्तक लिहिले, आपण ते अभ्यासक्रमात लावले, आणि रूपक जिथले तिथेच राहिले. बाळ झुंजत नाही. औषधाच्या गुंगीत ते निजलेले असते. त्याला योद्धा म्हटले की ते दगावल्यास हरले असे म्हणावे लागते, आणि त्या हरण्याचा अर्थ घरी परतलेल्या आईला आयुष्यभर लावत बसावे लागतो.

उरतो बाप. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यातील प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, ते उत्तमच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पितृत्वासाठी १५ दिवस मिळतात. चाकण-भोसरीच्या खासगी कारखान्यातील बापासाठी मात्र कायद्याने सक्तीची अशी रजाच नाही, आणि कंत्राटी कामगाराला एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी. आमचा विद्यार्थी रात्रपाळी मागून घेई, सकाळी कंपनीच्या बसने उतरून थेट रुग्णालयात येई आणि भेटीची वेळ होईपर्यंत बाकावर झोपे. ती वेळ संध्याकाळी चार ते पाच. पाचनंतर घरी जाऊन डबा घ्यायचा आणि पुन्हा बस. आईला दिवसभर आत बसू देणारे रुग्णालय उद्या निघाले, तरी हा बाप तासाभराचा पाहुणाच राहील. आमच्या प्राध्यापक संघटनांनी स्वतःच्या रजांसाठी मोर्चे काढले, त्यांत आम्हीही होतो. कंत्राटी कामगाराच्या पितृत्व रजेचा ठराव कोणत्याही व्यासपीठावर मांडला गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तो मांडावा, आणि त्यात बाळ अतिदक्षता विभागात असेल तितके सर्व दिवस भरपगारी धरावेत.