थंडीचा धाक आणि आकड्यांचा खरेपणा

मुंबईत थंडी पडते ती अंगाला जाणवण्यापेक्षा बातमीपुरतीच अधिक. सांताक्रूझच्या वेधशाळेतील पारा १५ अंशांपाशी आला की कपाटांतील स्वेटर बाहेर निघतात आणि २२ जानेवारी १९६२ रोजी तेथेच नोंदल्या गेलेल्या ७.४ अंशांची उजळणी होते. कांजूरमार्गला खाडीकडील मिठागरांवर पहाटे धुके साचते खरे. परंतु कचेऱ्यांची वेळ होईतो ते ओसरूनही जाते. अशा ठिकाणी ‘विजेची मोटार थंडीत दगा देते म्हणतात, मग ती घ्यावी की नाही?’ हा प्रश्न गंभीरपणे विचारला जावा, याचे नवल वाटते. तथापि तो विचारला जातो. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोत कडाक्याच्या थंडीत चार्जिंग केंद्रांपाशी विजेच्या मोटारींच्या रांगा खोळंबल्या, काही तर जागच्या जागी बंद पडल्या. ती दृश्ये जगभर दाखवली गेली. पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन मोटार घेऊ पाहणारा शिक्षक किंवा कारकून त्यामुळे बिचकला, तर दोष त्याचा नव्हे. पण त्याची भीती नेमकी कोणत्या गोष्टीची असावी, हे मात्र तपासून पाहिले पाहिजे.

थंडीचा परिणाम काल्पनिक नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. लिथियमच्या बॅटरीत विद्युतभारित कण एका पट्टीकडून दुसरीकडे द्रावातून ये-जा करीत असतात. थंडीत हा द्राव दाटतो, कणांची चाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. साठवलेली वीज आत असूनही पुरती हाती लागत नाही. गोठणबिंदूखाली बॅटरी घाईने चार्ज केली तर पट्टीवर लिथियम धातूचा थर चढून तिची हानी होते. म्हणून मोटारीतील यंत्रणाच चार्जिंगचा वेग उतरवते. शिकागोतील रांगांचे मर्म बव्हंशी यात आहे. याहूनही मोठा खर्च प्रवाशांच्या उबेचा. पेट्रोलचे इंजिन इंधनातील निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते आणि हिवाळ्यात तीच उष्णता प्रवाशांना फुकट मिळते. विजेची मोटार मुळात काटकसरी. तिच्यापाशी वाया घालवण्याजोगी उष्णता फारशी नाहीच. म्हणून ऊब बॅटरीतून काढावी लागते. येथे गुणच दोष होऊन बसतो.

हा खर्च किती, याचे मोजमाप अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये पाच मोटारींवर केले. उणे ७ अंशांच्या आसपास हीटर बंद असता पल्ला सरासरीने १२ टक्के घटला. हीटर लावताच घट ४१ टक्क्यांवर गेली. बातम्यांत गाजला तो हा आकडा. त्याच चाचणीतील दुसऱ्या आकड्याची चर्चा आपल्याकडे तरी व्हावयास हवी होती. ३५ अंश तापमानात वातानुकूलन बंद असता घट ४ टक्के होती, ते चालू केल्यावर १७ टक्के झाली. उणे ७ अंश कांजूरमार्गला कधीच येणार नाहीत. ३५ अंश दर वर्षी येतात.

ज्या देशात थंडी हाच नित्याचा व्यवहार आहे, त्या नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर १० नव्या मोटारींपैकी जवळजवळ ९ विजेच्या होत्या. तेथील लोक थंडीला जुमानत नाहीत असे नव्हे. त्यांनी तिचा हिशेब आधीच मांडलेला असतो. मोटार रात्री घरच्या जोडणीवर असते. निघण्यापूर्वी ती त्या विजेवरच गरम करून घेतली जाते. तेथील मोटारचालकांची संघटना हिवाळ्यात मोटारी प्रत्यक्ष रस्त्यावर नेऊन त्यांचे पल्ले जाहीर करते. घरची जोडणी आणि खरा आकडा, या दोन गोष्टी हाती असल्या की थंडीचा धाक पुष्कळसा उतरतो.

आता आपला हिशेब मांडून पाहू. छोटी विजेची मोटार एका युनिटमध्ये साधारणतः सात-आठ किलोमीटर जाते. युनिट म्हणजे घरच्या वीजबिलात असते तेच. उन्हाळ्यात वातानुकूलनाला तासाला सुमारे एक युनिट लागते असे धरू. मोकळ्या रस्त्यावर तासाभरात साठ किलोमीटर तोडले, तर आठ युनिटांवर एकाची भर पडते; ती फार नव्हे. परंतु जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर सायंकाळी तासाभरात पंधराच किलोमीटर सरकता आले, तर चालण्याला दोन युनिटे आणि गारव्याला एक, म्हणजे खर्च दीडपट होतो! हवामानाचा कर अंतरावर नव्हे, वेळेवर बसतो. शिवाय थंडीने घटलेला पल्ला बॅटरी उबदार झाली की बहुतांशी परत मिळतो. दीर्घकाळच्या तीव्र उष्णतेने बॅटरीला आलेले वार्धक्य मात्र परत फिरत नाही. मे महिन्यात दिवसभर उघड्यावर तापत राहणाऱ्या मोटारीच्या मालकाने शिकागोपेक्षा स्वतःच्या इमारतीच्या आवारातील सावलीची चिंता करावी, हे बरे.

थंडीशी गाठ पडायचीच झाली, तर ती नाशिकच्या वाटेवर. जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. कांजूरमार्गहून पहाटे निघालेल्या कुटुंबाला इगतपुरीपर्यंत सुमारे ६०० मीटर उंची चढावी लागते. माणसांसह दीड टन वजनाची मोटार एवढी वर नेण्यास नुसत्या चढणीपोटी अडीच युनिटे खर्ची पडतात; महामार्गावरील वेगाने वाढलेला हवेचा अडथळा निराळाच. अशा प्रवासात पल्ला घटला तर दोष थंडीच्या माथी मारला जाईल. वस्तुतः तिचा वाटा घाटाच्या आणि वेगाच्या मागे असेल. उतरताना घाट त्यातील काही वीज परत देतो, हेही नमूद केले पाहिजे.

मग ग्राहकाची फसगत होते कोठे? ती होते जाहिरातीतील एकुलत्या एका आकड्यापाशी. आपल्याकडे मोटारींचा पल्ला ठरतो तो पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांच्या प्रमाणित चाचणीने. चाचणी एकाच ठराविक पद्धतीने व्हावी, हे योग्यच. त्यावाचून दोन मोटारींची तुलना अशक्य होईल. परंतु प्रयोगशाळेतील रुळांवर, नियंत्रित तापमानात आणि वातानुकूलन बंद ठेवून निघालेला आकडा हा तुलनेचा आकडा आहे, प्रवासाचा नव्हे. तो मोठ्या टायपात छापून प्रवासाचे आश्वासन म्हणून विकणे ही सरळ व्यवहाराची रीत नाही. काही उत्पादक आता प्रत्यक्ष वापरातील अपेक्षित पल्लाही सोबत देऊ लागले आहेत, हे स्वागतार्ह आहे. पण ग्राहकाचा हक्क उत्पादकाच्या सौजन्यावर सोडता येत नाही.

आमची मागणी साधी आहे. फ्रिजवर विजेच्या वापराची पट्टी चिकटवलेली असते, तशी विजेच्या मोटारीवर तीन आकड्यांची पट्टी असावी: सौम्य हवेतील पल्ला, ४० अंशांत वातानुकूलन चालू ठेवून गर्दीत मिळणारा पल्ला आणि ५ अंशांत महामार्गावरील पल्ला. महाराष्ट्र सरकारने २०२१ आणि २०२५ च्या धोरणांनी या मोटारींना सवलती दिल्या, २०२५ पासून काही महामार्गांवर पथकरही माफ केला. हा पैसा अखेर जनतेचाच आहे. तेव्हा सवलतीच्या बदल्यात खरा आकडा मागण्याचा अधिकार जनतेला आणि सरकारला निश्चितच पोहोचतो.

विजेच्या मोटारीवर अंधश्रद्धा नको, तसे परदेशातील हिमवर्षावाची दृश्ये पाहून भयही नको. ज्याला महिन्याच्या पगारातून हप्ता भरावयाचा आहे, त्याला ‘आमची मोटार ३०० किलोमीटर जाते’ एवढेच सांगून भागणार नाही. कोणत्या ऋतूत, कोणत्या रस्त्यावर, हे त्याने विचारले पाहिजे. आणि त्याचे उत्तर सही करण्यापूर्वी त्याच्या हाती पडले पाहिजे.